खोबऱ्याचं पित्त

"कोण इला बगा वो!" विमला चुलीपुढून ओरडली. पुढच्या दारावर कुणीतरी जोरजोरात थापा मारत होतं. धप, धप, धप.

"कोण नाय," पडवीत बसलेला परशुराम पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "खोबऱ्या खाजयता."

हे हल्ली रोजचंच झालं होतं. खोबऱ्या दाराला पाठ लावून बसायचा, आणि खाजवताना त्याचा मागचा पाय फळीवर असा काही आपटायचा की पाहुणा आलाच म्हणून समजावं. परवा तर विमलाने चहाचं आधणही ठेवलं. पदर सारखा करून दार उघडते तर पाहुणा आपल्या शेपटीचं बूड चावत बसलेला!

खोबऱ्या हा मिठबावातल्या परशुरामाच्या घरचा कुत्रा. फोडलेल्या नारळासारखा आतबाहेर पांढरा, म्हणून खोबऱ्या. आंब्याच्या बागेतली माकडं हाकलायला त्याला पिल्लू असताना आणला, तेव्हाच परशुरामाने उंबऱ्यात उभं राहून जाहीर केलं होतं, "कुत्रो म्हणजे कुत्रो. ह्या उंबऱ्याच्या भुतूर तेचो पाय पडता नये. माका असली कौतिकां आवडणत नाय." विमलानेही लगेच मान डोलावली, कारण नव्या फरशीवर तिला पावलं नको होती. नवराबायकोचं एकमत व्हायचे प्रसंग त्या घरात फार येत नसत. हा आला, म्हणून दोघांनीही तो जपून ठेवला. खोबऱ्याने खळ्यात, म्हणजे अंगणात झोपायचं, हे ठरून गेलं.

खाज लागल्यापासून त्याचं माकडांवरचं लक्ष उडालं होतं. पूर्वी तो नुसता भुंकला की माकडं दगडी गडगा ओलांडून दुसऱ्याच्या बागेत जायची. आता तो दोनदा भुंके, तिसऱ्यांदा तोंड उघडी, आणि भुंकायचं राहून खाली बसून खाजवायला लागे. माकडं फांदीवर बसून बघत. त्यातलं एक म्हातारं माकड त्याला बघून मुद्दाम खाजवतं, असं परशुरामाचं ठाम मत होतं.

पण माकडांचं एक वेळ चाललं असतं. खरी भानगड निघाली ती बुधवारी जेवताना.

"अनुजा सोमवारी येतली," विमला भात वाढता वाढता म्हणाली. अनुजा त्यांची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. "पयलां बाळतपण चेडवाचां. घरात न्हान पोर, आनि दारात ह्यो असो खाजयत बसतलो? पोराक काय झालां म्हणजे विहिणीक मी काय तोंड दाखवू?"

"मगे काय करूचां म्हणतंस?"

"रविवारी जितू बांद्यासून गाडी घेवन येता. तेका काजीच्या बागेत राखणीक कुत्रो व्हयो आसा. तोपर्यंत खाज गेली तर रवांदे. नायतर जावंदे बांद्याक."

जितू म्हणजे तिचा भाऊ जितेंद्र, बांदा गावी काजूची बाग असलेला. परशुरामाने घास गिळला.

"धाड," तो म्हणाला. "माका काय तेचां?"

आणि ताटात अर्धा बांगडा टाकून उठला. लग्न झाल्यापासून विमलाने त्याला बांगडा टाकून उठताना एकदाच बघितलं होतं, सासरे गेले तेव्हा. तो अर्धा बांगडा मागच्या दारी कुणाच्या पोटात गेला, हे सांगायला नको.

आता परशुराम हा काही तोंड उघडून 'मला माझा कुत्रा हवा' म्हणणारा माणूस नव्हता. उंबऱ्यावर केलेलं भाषण आडवं येत होतं. रविवारच्या आत खाज घालवायची, म्हणजे कुणापुढे काही बोलावं लागणार नाही, असा त्याने साधा विचार केला. संध्याकाळपर्यंत करंजाचं तेल लावून झालं. त्याने खाज तशीच राहिली, फक्त कुत्रा चकचकीत झाला. मग गुरुवारी सकाळी तो शेजारच्या शेवंतीकाकींच्या कुंपणाशी सहज म्हणून जाऊन उभा राहिला. काकींकडे सगळ्या रोगांवर औषध असे. ते कधी कुणाला लागू पडलं का, हे विचारायची गावाला हिंमत नव्हती.

"काकी, एकाच्या कुत्र्याक खाज सुटली आसा."

"एकाच्या म्हणजे तुझ्याच मां?"

"व्हय."

काकी चष्मा लावून आल्या. त्यांनी खोबऱ्याला उलटापालटा करून बघितला. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी केस गेलेले, कातडी लाल, वर बारीक बारीक फोड.

"ह्यां पित्त!" काकींनी निकाल दिला. "बग कशी गांधी उठली हत आंगार. माणसाक पित्त उठल्यार काय लावतत?"

"आगळ."

"मगे? कुत्र्याचां रगत काय येगळां आसा?"

रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, मीठ घालून मुरवलेला तो दाट लाल रस, आगळ. लहानपणी अंगावर पित्त उठलं की परशुरामाची आई त्याला आगळ चोपडून खळ्यात बसवायची. त्याचं पित्त जायचं. खोबऱ्याचंही जाणार. तर्कात कुठे भोक दिसेना.

दुपारी विमला बचत गटाच्या बैठकीला गेली, तसा परशुराम फडताळाकडे वळला. आगळाची एकच बाटली होती, अनुजाला सोलकढीचे डोहाळे लागलेत म्हणून विमलाने राखून ठेवलेली. त्याने ठरवलं, दोनच चमचे घेऊ. पण पित्त मोठं होतं आणि कुत्राही काही लहान नव्हता. चमच्यावरून वाटीवर आला, वाटीवरून बाटलीवर.

सुरुवातीला खोबऱ्याला हा प्रकार आवडला. त्याने दोनतीनदा चाटूनही बघितलं. मग खाजवून सोललेल्या कातडीत मीठ उतरलं. खोबऱ्या ताठ झाला. त्याने मान वळवून परशुरामाकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ज्या हाताने चहात बुडवलेली खारी चोरून भरवली, त्याच हाताने हे केलं का, एवढंच तो विचारत होता. मग त्याने जी उडी मारली ती गडग्याच्या पलीकडेच टेकली.

"खोबऱ्या! रे खोबऱ्या!" परशुराम ओरडला. गडग्यावरून वाकून बघतो तर करवंदीच्या जाळीत एक गुलाबी पाठ दिसेनाशी होत होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. नारळाच्या रसात आगळ घातल्यावर दुसरं काय होणार? त्याने भर दुपारी जिवंत सोलकढी करून गावात सोडली होती.

विमला परत आली तेव्हा पायरीवर लाल थेंब, खांबावर लाल पंजे आणि बनियनवर लाल फराटे.

"अग्गो बाय! कोणाक मारलास काय वो?"

"आगळाची बाटली पडली."

विमलाने पायरीकडे बघितलं. रिकामी बाटली झाकणासकट ताठ उभी होती. "पडली ती उबी कशी?"

"पडली, आनि मगे मी ती उबी केलंय."

"अनुजाक ठेवललां तां! पोरगी तोंडान मागता, आनि तुमी..." पुढचं विमला बराच वेळ बोलत होती. परशुरामाने ते सगळं ऐकून घेतलं. त्याचा एक कान गडग्याकडे होता.

ऊन कलल्यावर तो कुत्रा शोधायला बाहेर पडला. हाक मारावी तर लोक विचारणार, म्हणून तो नुसता जिभेने च्यक् च्यक् करत वाडीतून फिरला. वाटेत दोघांनी त्याला दाताचा डॉक्टर सुचवला. खोबऱ्या मात्र सापडला नाही.

दिवेलागणीला मासे विकणाऱ्या शिवाने गावच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. स्कूटर थांबवून घाईने काढलेला. जाळीत काहीतरी तांबडंलाल हलतंय, थरथरतंय, मध्येच गोल फिरतंय, आणि मागून शिवाचा आवाज, "आवशीक खाव! लाल जनावर! ह्यां काय आसा रे?"

झालं. गावाला आता दुसरं काम उरलं नाही. कुणी म्हणालं कोल्हा. कुणी म्हणालं सोललेला बिबट्या. मुंबईत राहून गावची काळजी करणाऱ्या एकाने लिहिलं की असं जनावर फक्त परदेशात असतं, आणि ते बोटीतून आलं असणार. मग कुणीतरी देवचाराचं नाव काढलं, आणि सगळ्यांची बोटं जरा थांबली. गावाची राखण करणाऱ्या देवचाराचं जनावर म्हटल्यावर थट्टा कोण करणार?

परशुरामाने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. त्याला बिबट्या दिसत नव्हता. एक मागचा पाय कानाकडे जाताना दिसत होता. त्याने 'तो माझो कुत्रो' असं लिहिलं. पण ग्रुपवर विमला होती. आगळाचं कळणार, आगळ कशाला लावलं ते कळणार, आणि मग सगळंच कळणार. त्याने ते पुसलं आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं. तेवढ्यात शेवंतीकाकींचा आवाज ग्रुपवर वाजला, "बायांनो, पोरांका भायर सोडू नका गो!" परशुरामाने मान वर केली. कुंपणापलीकडे फोन हातात धरून काकीच उभ्या होत्या. दोघांची नजरानजर झाली, आणि दोघंही आपापल्या घरात गेली.

शुक्रवारी सकाळी देवळाची घंटा वाजली. बाळाआबांनी गाव बोलावला होता.

बाळाआबा म्हणजे गावचे सगळ्यांत वयस्क मानकरी. नाव बाळा, पण तोंडात दात उरला नव्हता. गावावर काही संकट आलं की देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते आबांनीच. आबा एकेक मागणं मांडणार आणि प्रत्येक मागण्याला गावाने एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. गावाचा आवाज एक नसेल तर देव ऐकत नाही, असं आबा सांगत. परशुरामाचं घर मानाचं, त्यामुळे त्याला पहिल्या रांगेत उभं राहणं भाग होतं. बायका खांबापलीकडे उभ्या होत्या, त्यात विमला होती, आणि काकी तिच्या मागे लपता येईल तेवढ्या लपून उभ्या होत्या.

आबांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे गोळा झाली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"गावात जां काय तांबड्या रंगाचां जनावर फिरता, तां कोणाचां आसा, खंयसून इलां, तां सगळां तुका म्हायत आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे देवाखेरीज परशुरामालाही माहीत होतं. त्याने ओठ हलवले.

"तेची सावली आमच्या पोरांर, गुरांर पडाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोबऱ्याची सावली कुठल्या पोरावर पडली नव्हती? शाळेतून येणारी पोरं त्याच्या पाठीवर दप्तरं टाकून बोरं काढायला जायची.

आबांनी आवाज चढवला. "तेका तू ह्या गावाच्या शिमेभायर घाल! परत ह्या मातयेत तेचो पाय पडाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय..."

"नाय म्हाराजा!"

आबा जोडलेल्या हातांनिशी सावकाश मागे वळले.

"परशा," ते म्हणाले, "माझी सगळी हयात गाराणां घालण्यात गेली. 'नाय म्हाराजा' म्हणणारो तूच पयलो."

"आबा, तां जनावर नाय," परशुराम म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. "तो माझो खोबऱ्या. तेका खाज सुटली. माका वाटलां पित्त आसा, म्हणान मीच तेका आगळ चोपडलंय. तो काय कोणाक करूचो नाय वो. तेका शिमेभायर घालू नका. माका तो व्हयो आसा!"

"आगळ?" आबांना ऐकूनही खरं वाटेना. "कुत्र्याक आगळ लाव म्हणान तुका सांगल्यान कोणी?"

शेवंतीकाकी समईची वात सारखी करण्यात अगदी बुडून गेल्या. परशुरामाने एकदा त्यांच्याकडे बघितलं. "माझ्याच डोक्यातसून इलां," तो म्हणाला.

ओळखीचा आवाज ऐकून देवळाच्या कट्ट्याखालून काहीतरी सरपटत बाहेर आलं. अंगाला चिकटलेला पाला, वाळलेली माती, आणि खाली गुलाबी रंग. खोबऱ्या लोकांच्या पायांतून वाट काढत सरळ परशुरामापाशी आला, शेपटी दोनदा हलवली, खाली बसला आणि खाजवायला लागला. शेजारी देवाचा ढोल ठेवला होता. धप, धप, धप.

लोक हसायला लागले. शिवा तर खांबाला धरून हसत होता. आबांनी मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. अर्धं गाऱ्हाणं टाकून देवापुढून उठता येत नाही. घातलंय ते पुरं करायलाच हवं. आबांनी पुन्हा हात जोडले, थोडा विचार केला आणि सुरुवात केली.

"बा म्हाराजा! जनावर घरचांच निगालां, आमची चूक झाली, ती पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मुक्या जीवाची खाज दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" परशुरामाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"आनि ह्या परशाक वायच अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" त्या दिवशीचा सर्वांत मोठा दुजोरा याला मिळाला. बायकांच्या बाजूने विमलाचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

देवळातून निघताच विमलाने रिक्षा बोलावली, खोबऱ्याखाली गोणपाट घातलं आणि स्वतःही आत बसली. रिक्षा देवगडला गुरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर समीक्षा तरुण होत्या आणि घाटावरून आलेल्या होत्या. त्यामुळे परशुरामाने दाराबाहेरच आपली ठेवणीतली मराठी बाहेर काढली.

"मॅडम, आमच्या श्वानास कंड सुटलेला आहे."

"आणि हा रंग?"

"त्यास कोकमाचा उपचार करण्यात आला."

"कोणी केला?"

"करण्यात आला," परशुराम म्हणाला.

"ह्येनी केल्यानी," विमलाने सांगून टाकलं.

डॉक्टरांनी ओठ दाबून धरले. बारीक दातांची फणी घेऊन त्यांनी शेपटीच्या मुळाशी केस विंचरले. फणीत काळे कण आले. "हे बघा, हे कण ओल्या कापसावर ठेवायचे. लाल डाग पसरला तर समजायचं, पिसवांची विष्ठा आहे. त्यांनी प्यायलेलं रक्त असतं ते." त्यांनी कण कापसावर ठेवले. कापूस लालच लाल झाला. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. "आता हा डाग पिसवांचा की कोकमाचा?"

"दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत," परशुराम म्हणाला.

शेवटी खोबऱ्याच्या मांडीच्या आत आगळ न पोचलेली एक पांढरी जागा सापडली. तिथल्या कणांचाही डाग लालच पडला. शिवाय एक पिसू टुणकन उडून टेबलावर आली आणि वाद मिटला.

"पित्त वगैरे काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पिसवा आहेत. काही कुत्र्यांच्या कातडीला एक पिसू चावली तरी सोसत नाही, मग खाजवून खाजवून जखमा होतात. त्यावर तुम्ही खारट आणि आंबट चोळलंत. काका, जखमेवर मीठ चोळणं ही म्हण आहे, ते करून बघायचं नसतं."

परशुरामाने मान खाली घातली. खोबऱ्याने त्याचा हात चाटला.

"औषध देते. पण नुसत्या औषधाने भागणार नाही. अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकी त्यांची अंडी-पिल्लं सगळी हा झोपतो तिथे असणार. ते अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा, कडक उन्हात घाला, खोली कोपऱ्यांसकट झाडून काढा. नाहीतर परत याल. झोपतो कुठे हा?"

"खळ्यात!" दोघंही एकदम म्हणाली.

"कशावर?"

"जमिनीर," विमला म्हणाली.

"दगडावर," परशुराम म्हणाला.

डॉक्टर खोबऱ्याचं पाऊल तपासत होत्या. नखात अडकलेला एक दोरा त्यांनी चिमट्याने ओढला. चांगला वीतभर हिरवा दोरा होता. "खळ्यात शिवणकाम चालतं वाटतं?"

भिंतीवर गाई-म्हशींच्या लशींचा तक्ता लावला होता. नवराबायको दोघंही तो फार लक्ष देऊन वाचू लागली. जरा वेळाने विमलाने हळूच विचारलं, "बाई, घरात बाळंतीण येतली. न्हान पोराक तरास व्हयत काय?"

"अंथरूण धुतलंत आणि औषध वेळेवर दिलंत तर कसली भीती? पिसवा गेल्या की खाज गेली. तेवढं मात्र करा."

"आणि रंग?" परशुरामाने विचारलं.

"रंगावर माझ्याकडे औषध नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि तक्त्याकडे तोंड करून पोटभर हसून घेतलं.

घरी आले तर पायरीवर आगळाची एक भरलेली बाटली उभी होती. कुणी ठेवली ते विचारायची गरज नव्हती. कुंपणापलीकडे शेवंतीकाकी पाठमोऱ्या होऊन वाळत न घातलेले कपडे काढत होत्या.

शनिवारी उजाडताच परशुराम खाटेवरची चादर गुंडाळून, काखेत मारून, पाय न वाजवता मागच्या दारी निघाला. विमला उठायच्या आत तांब्याच्या हंड्यात पाणी उकळायचं, चादर बुडवायची आणि गपचूप वाळत घालायची, असा बेत होता. न्हाणीच्या वळणावर तो थबकला. चूल पेटलेली होती. हंडा रटरटत होता. आणि विमला हातात काठी घेऊन त्यात काहीतरी ढवळत होती.

"काय करतंस गो सकाळीच?"

विमला दचकली. "मी? अनुजा येतली मां. दुपटी उकळून घेतंय." जुन्या मऊ लुगड्यांची ती दुपटी तिने दिवाळीपासून एकेक टाका घालून शिवली होती. कडेला हिरव्या दोऱ्याचे टाके होते.

"कोरी दुपटी?"

"कोरी असली म्हणान काय झालां? आनि तुमच्या खाकेत काय?"

"चादर. वायच कळकट झाली."

"बगूया."

"बगूक काय आसा तेतूर?"

पण विमलाने ओढलीच. चादर चुलीच्या उजेडात उलगडली. पायथ्याकडच्या बाजूला केस चिकटले होते. गुलाबी. परशुरामाने हंड्यात वाकून बघितलं. दुपट्यांवर फेस आला होता आणि फेसात केस तरंगत होते. तेही गुलाबीच.

कुत्रा गुलाबी झाला गुरुवारी, आणि ती रात्र त्याने देवळाच्या कट्ट्याखाली काढली. म्हणजे हे केस कालच्या रात्रीचे. एवढा हिशोब दोघांनाही येत होता.

"डॉक्टरणीन एवढां सांगल्यार पण?" विमलाने विचारलं.

"घाबरलो होतो गो तो. भायर कसो ठेवतलंय तेका? पण तो माझ्या खाटयेर होतो, मगे तुझ्याकडे..."

"तुमी घोरूक लागलास काय तो माझ्याकडे दुपट्यांर येता. रोजचां आसा तां तेचां."

"रोजचां?"

"मगे? तुमका वाटलां, खळ्यात जाता?"

परशुराम चुलीशेजारी जमिनीवरच बसला. एवढी वर्षं तो पहाटे उठून खाट रिकामी बघायचा आणि मनात म्हणायचा, बघा, किती शहाणं जनावर, कुणाला कळू न देता आपल्या जागी निघून गेलं!

"आनि तू तेका बांद्याक धाडूक निघाललंस!"

"चेडवाच्या पोराची काळजी वाटली वो. पण माका वाटलां, तुमी एकदा तरी 'नको धाडू' म्हणतलास. मी वाट बगत होतंय. तुमी म्हणालास, 'धाड, माका काय?' मगे माझांय तोंड बंद झालां." विमलाने पदराने डोळे पुसले आणि धुराकडे बघून नाक मुरडलं. "शेवटी सांगलास तां देवाक. बायलेक नाय."

परशुरामाने तिच्या हातातली काठी घेतली, आपली चादर दुपट्यांबरोबर हंड्यात ढकलली आणि ढवळायला लागला.

तेवढ्यात विमलाचा फोन वाजला. जितू होता. उद्या सकाळी निघतो, म्हणत होता. काजूच्या बागेत खोबऱ्याला कट्टा बांधून ठेवला होता, पट्टाही नवा आणला होता.

"येव नको रे, जितू," विमला म्हणाली. "खाज लय वायट आसा तेची. सगळां आंग लाल झालांहा. खोटां नाय सांगणंय. डॉक्टरणीक दाखवलां, ती पण बगतच रवली! गावान गाराणां घातल्यान तेच्यासाठी, आता बोल!... बरो जावक? तां काय सांगाक येणां नाय. वर्सां लागतली. नको रे बाबा, तुझ्या पोरांका काय तरी व्हयत." तिने फोन कानापासून जरा लांब धरला आणि नवऱ्याकडे बघितलं. "अवो, जितूक खरां वाटणां नाय. सांगा तेका, खरां मां?"

मागच्या दारात, उंबऱ्याच्या चांगला आत, खोबऱ्या फरशीवर पसरला होता. परशुरामाने त्याच्याकडे बघितलं, काठी हंड्यात उभी धरली आणि बाळाआबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"व्हय म्हाराजा!"